आई म्हणते काळा, मला हवाय पांढरा

पत्र थोडक्यात असं आहे. ठाण्यात राहणारी एक मैत्रीण, चाळिशीतली, नोकरी ऐरोलीला. फ्लॅट जुन्या बिल्डिंगमधला, किचन साधारण आठ बाय सात, एल आकाराचा ओटा, खिडकी डक्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या पाइपांच्या अरुंद जागेत उघडते म्हणून भर दुपारी पण ट्यूब लावावी लागते. बिल्डरने दिलेला हिरव्या मार्बलचा ओटा आता मळकट झालाय, सिंकजवळचा जोड उघडलाय आणि तिथून पाणी झिरपून खालच्या ट्रॉल्या गंजल्यात. म्हणून सगळं किचन नवीन करायचं ठरलं. हिला पांढरा क्वार्ट्झ हवाय, किचन उजळ दिसेल म्हणून, खूप दिवसांपासून फोटो सेव्ह करून ठेवलेत. वडील गेल्यापासून आई यांच्याकडेच असते, मूळची रत्नागिरीकडची, सकाळचा स्वयंपाक तीच करते, तिचं म्हणणं काळा ग्रॅनाइटच घाल, पांढऱ्यावर डाग पडतील. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दोन्ही सोडा, नॅनो व्हाइट घ्या, सध्या सगळे तेच घेतात. नवरा म्हणतो तुम्ही दोघी ठरवा. मैत्रीण विचारते, "आईला दुखवायचं नाहीये, पण घर माझं आहे, हप्ते मी भरते, आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट आहे ही, मग मनासारखी का नको? आणि पुढे कधी फ्लॅट विकला तर कुठला बरा?"

नॅनो व्हाइटचा विषय आधी संपवून टाकू, म्हणजे डोक्यातली एक गर्दी कमी होईल. नॅनो व्हाइट म्हणजे दगड नाही, ती एक प्रकारची काच आहे, भट्टीत घडवलेली. दिसायला एकदम दुधासारखी पांढरी, चकाचक, डाग आत शिरत नाही हे पण खरं. पण काच ती काच, कडेला काही जोरात आपटलं की टवका उडतो आणि इतक्या पांढऱ्याफेक वस्तूवर टवका बुजवला की ठिगळ लांबून दिसतं, जोडाची रेघ पण दिसते. ज्या घरात नारळ ओट्याच्या कडेवर फोडला जातो तिथे हे नको, आणि आमच्याकडे नाही फोडत असं म्हणू नका, आई रत्नागिरीच्या आहेत हे तुम्हीच लिहिलंय. कॉन्ट्रॅक्टरला नम्रपणे नाही म्हणा. "सगळे तेच घेतात" याचा अर्थ बरेचदा "माझ्याकडे त्याचा माल आणि कारागीर आहे" एवढाच असतो.

आता तुमचा पांढरा. पत्रात तुम्ही पांढऱ्याचं एकच कारण दिलंय, किचन उजळ दिसेल. हे कारण चांगलंच आहे, डक्टच्या खिडकीचं किचन म्हणजे काय असतं ते मला माहितीये. पण मला सांगा, काम सुरू असताना ओट्याचा किती भाग मोकळा दिसतो? शेगडी, मिक्सर, भांड्यांची जाळी, तेलाची बुधली, दुधाचं पातेलं, चिरायला घेतलेली भाजी. फोटोत असतं ते किचन नुकतंच पुसलेलं असतं, त्यात एक लिंबांची वाटी आणि एक झाड असतं, कुकर नसतो. किचनला उजेड देतात त्या भिंती, डॅडोच्या म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स आणि कॅबिनेटची शटर्स, कारण तेवढा मोठा भाग डोळ्यासमोर उभा असतो. तुम्ही डॅडो वरच्या कॅबिनेटपर्यंत ऑफ व्हाइट केलात, शटर्स फिक्या रंगाची घेतलीत आणि वरच्या कॅबिनेटच्या खाली एलईडीची पट्टी लावलीत, तर खालचा ओटा गडद असला तरी किचन उजळ दिसेल. ती पट्टी तर कुठलाही दगड घ्या, लावाच. आपल्याकडे ट्यूब असते मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्ये, आपण ओट्याशी उभे राहिलो की आपलीच सावली विळीवर पडते, आणि वर्षानुवर्षं आपण त्या सावलीत कांदा चिरत असतो.

म्हणजे तुम्हाला पांढरा ओटा हवाय की उजेड हवाय, हे एकदा स्वतःशी ठरवा. पांढरा आवडतो म्हणून हवा असेल तरी हरकत नाही हां, आवड हे पुरेसं कारण आहे, फक्त मग त्याला उजेडाचं कारण जोडू नका.

आणि आता आईंचा काळा. "काळ्यावर डाग दिसत नाहीत" हे आपण सगळ्यांनीच ऐकत मोठं झालोय, पण ते अर्धंच खरं आहे. हळद, चहा, आमसुलाचं पाणी, केळफुलाचा चीक, हे काळ्यावर दिसत नाही बरोबर. पण पोळ्या लाटल्यावर सांडलेलं पीठ, तेलकट बोटांचे ठसे, आणि बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर नळाभोवती बसणारा पांढरा थर, हे सगळं काळ्या पॉलिशवर जास्तच दिसतं. काळा ओटा स्वच्छ असतो असं नाही, त्याच्यावरचा काही कचरा दिसतो आणि काही दिसत नाही एवढंच. पांढऱ्यावर मोहरीचा एकेक दाणा दिसतो पण मीठ, साखर सांडलेली दिसत नाही, काळ्यावर उलटं. वय झालेल्या डोळ्यांसाठी हा मुद्दा किरकोळ नाहीये. काळ्या चकचकीत ओट्यावर ट्यूबचं प्रतिबिंब डोळ्यात जातं, आणि काळ्या मुठीची सुरी ओट्यावर ठेवली की चटकन दिसत नाही.

पण मला खरं वाटतं ते वेगळंच. आईंचा विरोध रंगाला नसावा. लेकीच्या घरात राहणारी बाई, लेकीने हौसेने महागाचा पांढरा ओटा केला, आणि उद्या आपल्या हातून लोणच्याचं तेल सांडून त्यावर पिवळा डाग पडला तर? लेक काही बोलणार नाही, पण बघेल. ही धास्ती असू शकते, आणि ती कोणी अशी शब्दात सांगत नाही, "काळाच घाल" एवढंच म्हणते. माझा अंदाज चुकीचा पण असेल, पण विचारून तर बघा. आणि विचारताना "काळा का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "आई, सध्याच्या ओट्यावर तुला कशाचा त्रास होतो?" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. मला वाटतं रंगाच्या आधी उंची, सिंकची जागा आणि पाण्याचा ओघळ हे तीन विषय निघतील.

"हप्ते मी भरते" यावर पण एक बोलू का? खरं आहे, आणि त्याचा मान आहेच. पण रोज सकाळी दोन तास त्या ओट्याशी उभं कोण असतं, पुसतं कोण, आणि भांडीवाल्या मावशी तारेची घासणी कुठे ठेवतात, यावर ओट्याचं आयुष्य ठरतं. ओट्याला हप्ते माहीत नसतात.

आता जरा दगडांचं बघू, कारण दुकानात गेल्यावर तिथला माणूस इतक्या वेगाने नावं घेतो की आपण शेवटी चांगलं वाटलेल्या नावावर बोट ठेवतो.

आपण ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो तो भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलराइट असतो, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा नातेवाईक. घट्ट दगड, भोकं कमी, त्यामुळे तेल-पाणी फारसं शोषत नाही. म्हणून आईंची पिढी त्याच्यावर विश्वास ठेवते आणि ते योग्यच आहे. ब्लॅक गॅलॅक्सी म्हणून जो चांदण्यांचा काळा मिळतो तो आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला निघतो, त्यातले चमकणारे कण सोन्याचे नसतात, ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे असतात, दुकानदार काहीही सांगू दे. गरम कढई ठेवा, कुकर ठेवा, ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही. फिक्या रंगाचे ग्रॅनाइट मात्र साधारणपणे जास्त शोषतात, त्यांना सीलर, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, लावावा लागतो आणि दर एक-दोन वर्षांनी परत लावावा लागतो, हे बिल देताना कोणी सांगत नाही.

काळा घेताना एक फसवणूक होते ती लक्षात ठेवा. करड्या दगडाला काळा रंग किंवा तेल पाजून जेट ब्लॅक म्हणून विकतात, वर्षभरात सिंकजवळ तो करडा पडायला लागतो. कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन स्लॅबवर कोपऱ्यात चोळा, बोळा काळा झाला तर बाहेर पडा. आणि दोन थेंब पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसल्यावर खाली ओला गडद डाग राहिला असेल तर दगड पाणी पितो. दुकानदाराला राग येतो, येऊ दे.

मार्बल परत घेऊच नका. त्यात कॅल्साइट असतं, लिंबू, चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो काहीही आंबट सांडलं की तिथली पॉलिश खाल्ली जाते. तो डाग नसतो, तो खड्डा असतो, घासून जात नाही. फोटोतली बरीच पांढरी किचनं मार्बलची असतात. त्या घरात सोलकढी होत नसावी.

क्वार्ट्झ. हा खाणीतून निघालेला अखंड दगड नाही, क्वार्ट्झची पूड आणि खडी पॉलिस्टर रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या चिकट पदार्थात, दाबून बनवलेली स्लॅब असते, वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास दगड आणि बाकीचं रेझिन. पाणी शोषत नाही, सीलर लागत नाही, सगळीकडे रंग एकसारखा, हे त्याचे गुण. दुबळी बाजू म्हणजे ते रेझिन. साधारण दीडशे डिग्रीच्या वर गेलं की ते पिवळं पडू शकतं, तडकू शकतं. तळणीचं तेल १७०-१८० डिग्रीला असतं, तापलेला तवा त्याच्याही वर, आणि फोडणीचं कढलं तर विचारूच नका. म्हणजे क्वार्ट्झवर गॅसवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवायचं नाही, कधीच नाही, पाहुणे आले, लाइट गेली, बाळ रडतंय, तरी नाही. हे तुम्ही पाळाल, पण सकाळी साडेसहाला डबे भरताना आई पाळतील का? आणि त्यांनी का पाळावं, चाळीस-पन्नास वर्षं कुकर उतरवून बाजूला ठेवायची हाताला सवय आहे.

हळदीचं म्हणाल तर पांढऱ्या क्वार्ट्झवर हळद लगेच पुसली तर जाते, रात्रभर राहिली तर फिकट पिवळेपणा राहू शकतो. उन्हात हळदीचा रंग उडतो हे आपल्याला कपड्यांवरून माहितीये, पण तुमच्या डक्टच्या खिडकीतून ऊन येत नाही. आणखी एक, स्टीलची पातेली ओढली की पांढऱ्यावर पेन्सिलीसारख्या करड्या रेघा उठतात, त्या जातात पण घासाव्या लागतात, आणि मावशी त्या तारेच्या घासणीने घासायला गेल्या की पॉलिशचा बट्ट्याबोळ.

क्वार्ट्झबद्दल अजून एक गोष्ट आहे जी मला महत्त्वाची वाटते. त्यात सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्याच खनिजाचं, प्रमाण खूप असतं, ग्रॅनाइटपेक्षा बरंच जास्त, आणि कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते ती कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून तिथे अशा स्लॅबवर बंदी घातली. बसवलेल्या ओट्यापासून वापरणाऱ्याला धोका नाही, धोका कापताना आहे. तेव्हा घेणार असाल तर कापणं, कडा घासणं, सिंकचं भोक, सगळं कारखान्यात पाणी सोडून करून आणा, तुमच्या पॅसेजमध्ये ग्राइंडर लावून पांढरा धुरळा करायला परवानगी देऊ नका. मिस्त्रीचा पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसतो, त्या रुमालाने काही अडत नाही. आणि ग्रॅनाइटमध्ये पण सिलिका असतो, तेव्हा हा नियम त्यालाही लावा.

मग तुमच्यासाठी मी काय निवडेन? एकच दगड सगळीकडे हवा हे कोणी सांगितलं? तुमचा ओटा एल आहे. लांब हातावर गॅस आणि सिंक, म्हणजे आग, पाणी, तेल, हळद, नारळ, सगळं तिथे. तिथे ग्रॅनाइट घाला, पण जेट ब्लॅक नको, स्टील ग्रे सारखा गडद करडा, ज्यात बारीक दाणा आहे. त्यावर पीठ पण फार दिसत नाही, हळद पण नाही, पाण्याचे पांढरे डाग पण काळ्याइतके डोळ्यात भरत नाहीत, आणि सुरी दिसते. लहान हातावर तुमचा पांढरा क्वार्ट्झ. तिथे गॅस नाही, सिंक नाही, तिथे मिक्सर, फळं, तुमची रविवारची केकची तयारी, चहाचे कप. एकदम पांढराशुभ्र न घेता बारीक करडी रेघ किंवा ठिपका असलेला घ्या, तो बाजूच्या करड्याशी जुळतो आणि रोजचं रोज पुसलं नाही तरी घर पसरलेलं दिसत नाही. हे अर्धं तुमचं अर्धं आईंचं अशी वाटणी म्हणून सांगत नाहीये, कामाप्रमाणे दगड म्हणून सांगतेय. दोन दगडांची जाडी मात्र सारखी मिळतेय ना ते आधी बघा, ग्रॅनाइट साधारण १६ ते २० मिलिमीटर मिळतो, क्वार्ट्झ पण १५ ते २० मध्ये असतो, नाहीतर जोडावर पायरी होते आणि तिथे कचरा अडकतो.

दोन दगड डोळ्याला नकोच वाटत असतील तर मग सगळा करडा ग्रॅनाइट आणि पांढरी डॅडो. सगळा पांढरा क्वार्ट्झ हा माझ्या यादीत तिसरा आहे, वाईट नाही, पण रोज दोन वेळा फोडणी होणाऱ्या घरात त्याला सांभाळावं लागतं.

ठरवायच्या आधी दुकानातून दोन्हीचे तळहाताएवढे तुकडे मागून आणा, देतात. रात्री आईंनाच सांगा, तुकड्यांवर हळद-तेल, चहाचा थेंब, लिंबाची फोड, लोणच्याचा खार घालून ठेवायला. सकाळी त्यांनीच साबणाने पुसून बघायचं. आणि हे तुकडे तुमच्या किचनमध्ये, तुमच्या ट्यूबखाली बघा, दुकानातल्या फोकसखाली सगळंच सुंदर दिसतं.

पैशाचं म्हणाल तर चौरस फुटाच्या भावात साधा ग्रॅनाइट आणि ब्रँडेड क्वार्ट्झ यात दुप्पट-तिप्पट फरक पडतो आणि आपण घाबरतो. पण हिशोब करा, साडेसात फूट आणि पाच फूट असा एल, दोन फूट खोल, म्हणजे २१ चौरस फूट, वाया जाणारं धरून २५. फुटाला ३०० रुपये फरक धरला तरी साडेसात हजार. तोडफोड, प्लंबिंग, ट्रॉल्या यांच्या बिलापुढे हा आकडा लहान आहे, तेव्हा निर्णय भावावरून घेऊ नका. फ्लॅट विकण्याचं तर विसराच, नवीन येणारा माणूस बहुतेक पहिल्याच महिन्यात किचन तोडतो, तुम्ही पण तेच करताय ना.

आता ज्यावरून आई आयुष्यभर तुमचं नाव काढतील ती गोष्ट, उंची. मिस्त्री सांगेल जुना ओटा तोडायला नको, त्याच्यावरच नवीन दगड चिकटवू. त्याने ओटा इंच-दीड इंच वर येतो. सहसा ओटा ३२ ते ३४ इंच असतो, त्यावर शेगडी ठेवली की बर्नर अजून वर. आईंची उंची कमी असेल तर पोळ्या लाटताना खांदे वर उचलून लाटाव्या लागतात आणि संध्याकाळी मान धरते. त्यांना ओट्यापाशी उभं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपरापासून साधारण चार इंच खाली ओट्याचा वरचा पृष्ठभाग यायला हवा. तुमची आणि त्यांची उंची फार वेगळी असेल तर लांब हात त्यांच्या मापाने, लहान हात तुमच्या मापाने, एल मध्ये हे जमतं, आणि मग त्या जोडावरच्या पायरीचा प्रश्न पण राहत नाही कारण दोन्ही वेगवेगळेच होतात.

मिस्त्रीला अजून काही गोष्टी आधीच सांगून ठेवा, नंतर सांगून उपयोग नसतो. हॉब, म्हणजे दगडात भोक पाडून बसवायची शेगडी, बसवणार असाल तर त्याच्या भोकाचे कोपरे काटकोनात कापू नकोस, गोल ठेव, दगड तडकतो तो तिथूनच. ओट्याच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मार, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच थेंब होऊन पडतं, शटरवर जात नाही, तुमच्या ट्रॉल्या गंजल्या त्यात उघड्या जोडाइतकाच याचाही हात असेल. सिंकच्या वर जोड अजिबात घेऊ नकोस. कडेचं मोल्डिंग गोल ठेव, धारदार कडेचाच टवका उडतो. आणि ओटा सिंककडे अगदी नावापुरता उतरता ठेव, बाटली ठेवली तर गडगडणार नाही इतकाच.

सिंकसाठी आणि हॉबसाठी दगड कापला की मधला चौकोन उरतो, त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात आणि तो टेम्पोत परत जातो. तो मागून घ्या, कडा घासून पॉलिश करून घ्या. ग्रॅनाइटचा तुकडा लहान हातावर ठेवून द्या, कुकर आणि कढई उतरवायला तीच जागा, आणि वजन इतकं असतं की सरकत पण नाही.